एक पान मागे

"होल्ड करा."

असं म्हणून समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू उजव्या हाताचं बोट वर धरायच्या, मान थोडी कलती करायच्या आणि डोळे मिटायच्या. समोर रिक्षावाला असो, भाजीवाली असो की सोसायटीचा सेक्रेटरी, तो आपोआप गप्प व्हायचा. मग डोळे उघडून त्या म्हणायच्या, "हं, आता बोला." तोपर्यंत समोरचा काय बोलत होता तेच विसरलेला असायचा.

नोकरी सुटली तरी काही माणसांच्या अंगातून ती उतरत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. आमच्या हाटकेश वस्तीत एक निवृत्त कंडक्टर आहेत, ते लिफ्टमध्येसुद्धा 'पुढे सरका' म्हणतात. या बाईंची उमेदीची सगळी वर्षं टेलिफोन खात्यात, ट्रंक एक्सचेंजवर गेली. दुसऱ्या गावाला फोन लावायचा तर आधी नंबर बुक करून वाट पाहत बसावं लागायचं, त्या काळातली ही गोष्ट. हेडफोन लावून लोकांच्या लाइनी एकमेकांना जोडून देणं हे त्यांचं काम. घरी कुणी पाहुणा जास्त वेळ बसला की त्या, ट्रंक कॉलवर विचारायच्या तसं, शांतपणे विचारायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" पाहुणा हसत हसत उठायचा. पाहुण्याने 'वाढवा' म्हणावं अशी त्यांची इच्छा असायची, हे मला फार पुढे कळलं.

माझा गाळा त्यांच्या बिल्डिंगच्या समोर. तिथे आधी माझा सायबर कॅफे होता. लोक बाकड्यावर बसून नंबर लावायचे आणि मी अर्ध्या अर्ध्या तासाने इंटरनेट विकायचो. आता झेरॉक्स, रिचार्ज, आधारची प्रिंट आणि पासपोर्ट फोटो. ज्या पोरांना मी माउस धरायला शिकवलं, ती आता खिशात इंटरनेट घेऊन माझ्या दारावरून मान वर न करता जातात. जाऊ देत. धंदा आहे, कुणावर रागवायचं?

त्या पहिल्यांदा आल्या त्या हयातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला. पेन्शनसाठी आपण जिवंत आहोत असं दरवर्षी कळवावं लागतं. मी कागद हातात दिला तेव्हा म्हणाल्या, "वर्षातून एकदा सरकार विचारतं, बाई, आहात ना? तेवढं तरी कोणीतरी विचारतं." आणि हसल्या. मीही हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्यांचे यजमान नुकतेच गेले होते. मुलगा एकुलता एक, कॅनडात. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात त्या एकट्या. मी एकदा त्यांचा प्रिंट काढलेला कागद द्यायला वर गेलो होतो. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली एक्सचेंजमधल्या बायकांचा फोटो. साड्या नेसलेल्या, डोक्याला हेडफोन लावलेल्या, ओळीने बसलेल्या बायका. "यातली मी कुठली, ओळख," म्हणाल्या. मी चुकलो. त्यांना फार आनंद झाला.

मग एका संध्याकाळी त्या एक करडी पाटी घेऊन आल्या. जुन्या साडीच्या तुकड्याची पिशवी शिवून त्यात ती ठेवली होती. पुस्तकं वाचायचं यंत्र, ई-रीडर. मुलाने मागे सुट्टीवर आला असताना दिलेलं. खाली टिकल्यांएवढी बटणं, वर काळा-पांढरा पडदा. शेजारच्या फरसाणवाल्या जिग्नेशभाईने वाकून पाहिलं. "आंटी, ये तो ब्लॅक अँड व्हाइट है. कलर नहीं आता?"

"किताब का कलर काला ही होता है," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पोरगा म्हणाला होता, आई, यात इंटरनेट फुकट आहे. सिम नको, बिल नको, जन्मभर फुकट. मग माझं इमेल का नाही उघडत?"

मी यंत्र हातात घेतलं. इंटरनेट म्हटलं की माझा जुना कीडा वळवळतो. खरंच फुकट होतं. कंपनीने मोबाइलचं कनेक्शन आतच बसवलेलं, त्याचं बिल कंपनी भरायची. पण परक्याच्या खर्चाने जेवायचं तर ताटात काय वाढायचं ते तोच ठरवणार. कंपनीचं पुस्तकांचं दुकान उघडायचं, आणि जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेला तो एक फुकट ज्ञानकोश उघडायचा. बाकी काही उघडायला गेलं की सूचना यायची: हे पान तुमच्या देशात उपलब्ध नाही. इमेल, बातम्या, नकाशे, सगळ्यांना तीच सूचना.

"म्हणजे लोकल कॉल फुकट, ट्रंक बंद," त्या म्हणाल्या.

"तसंच समजा. काकू, इमेल करायची तर इथून करा ना. माझा कॉम्प्युटर रिकामाच आहे."

त्यांनी दुकानात उभ्या असलेल्या चार गिऱ्हाइकांकडे पाहिलं. "दुकानात बसून आईने पोराला काय लिहायचं?" म्हणाल्या, आणि पाटी पिशवीत घालून गेल्या.

मग त्यांनी जे उघडत होतं त्यावरच भागवलं. ज्ञानकोशात मुलाच्या शहराचं पान होतं. ते त्या रोज वाचायच्या. पानं इतक्या सावकाश उमटायची की तोवर चहा होऊन जायचा. त्या शहरात जानेवारीत सरासरी किती थंडी पडते, बर्फ सरासरी किती साचतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण ज्ञानकोश फक्त सरासरी सांगतो. आज तिथे काय आहे, ते नाही सांगत. एकदा मी सहज विचारलं, "काय म्हणतंय कॅनडा?" तर म्हणाल्या, "सरासरी बरं आहे."

मुलाशी त्यांचं बोलणं नव्हतं. वडील गेल्यावर तो म्हणाला होता, घर विकून टाक आणि माझ्याकडे ये. तो विचारत नव्हता, सांगत होता. त्यांनी सांगितलं, "मी माझं घर सोडून येणार नाही. आणि तूही उगाच धावत येऊ नकोस." मायलेकरांत असं होतं, दोन महिन्यांत विरतंही. इथे विरलं नाही, त्याचं कारण वेगळं होतं.

एकदा त्या गाळ्यात बसलेल्या असताना त्यांच्या पिशवीत फोन वाजत होता. साधा बटणाचा फोन, आवाज पूर्ण सोडलेला. जिग्नेशभाईला त्याच्या गल्ल्यावर ऐकू गेला, त्यांना नाही. मी खूण केली. त्यांनी फोन काढला, मुलाचा नंबर पाहिला, कानाला लावला. "हो. हो. बरी आहे. होल्ड कर," म्हणाल्या आणि बंद केला. फोन पिशवीत परत ठेवला.

"काही ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "समोरचं माणूस दिसलं तर जुळवून घेते. फोनवर नुसती घरघर."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते बोट वर धरणं, ते डोळे मिटणं. आयुष्यभर हेडफोन लावलेल्या बाईचे कान गेले होते आणि ती ऐकलेल्या आवाजाचे तुकडे जुळवायला वेळ मागत होती. आम्ही सगळे त्याला तिचा रुबाब समजत होतो.

"मुलाला सांगा ना सरळ," मी म्हटलं.

"सांगितलं तर नोकरी सोडून येईल, नाहीतर मला उचलून नेईल. दोन्ही नको."

"मग मी लावतो फोन. तुम्ही शेजारी बसा, तो काय म्हणतो ते मी सांगतो."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी झेरॉक्सचं झाकण उगाचच उघडून बंद केलं. "मी ऑपरेटर आहे," त्या म्हणाल्या. "माझा कॉल दुसऱ्याने लावायचा?"

तिकडे मुलाला वाटलं, आई रागाने फोन कापते. हळूहळू त्याचे फोन यायचे थांबले.

राहिली ती पाटी. आणि तिची एक गंमत होती. यंत्र मुलाच्या खात्यावर होतं. तो तिकडे स्वतःसाठी जे पुस्तक विकत घ्यायचा ते इकडे आईच्या पाटीवरही उतरायचं. आणि पुस्तक उघडलं की कधीकधी एक चौकट यायची: 'दुसऱ्या यंत्रावर तुम्ही या पानापर्यंत वाचलं आहे. तिथे जायचं का?' यंत्राच्या लेखी आई आणि मुलगा हे एकच गिऱ्हाईक.

ही चौकट त्यांनी मला एकदा दाखवली. एखादी बाई नातवाचा फोटो दाखवते तशी दाखवली. "बघ. काल रात्री इथपर्यंत आलाय. बारीक अक्षर वाचतो, डोळे खराब करणार." मग त्यांनी 'नाही' दाबलं.

"का? जा ना तिथे."

"मी मागेच राहते. त्याच्यापुढे गेले की ही चौकट येत नाही, एकदा त्याने सोडून दिलेल्या पुस्तकात करून पाहिलं होतं."

म्हणून त्या सावकाश वाचायच्या. इंग्रजी गुप्तहेरांच्या गोष्टी, युद्धांचे इतिहास, मुलगा जे घेईल ते. खून कुणी केला हे आधी त्याला कळलं पाहिजे, मग यांना. त्याने पुस्तक मध्येच सोडलं तर याही सोडायच्या. त्यांच्या पाटीवर अर्धवट राहिलेली कितीतरी पुस्तकं होती, आणि शेवट काय झाला असेल याची त्यांना हुरहुर लागायची, तरी पुढे जायच्या नाहीत.

"एक्सचेंजला आम्हाला शिकवलेलं," त्या सांगायच्या. "लाइन जोडली की एकदा मध्ये कान घालून बघायचं, दोन्हीकडचे बोलतायत ना. बोलतायत कळलं की बाहेर पडायचं. काय बोलतायत ते ऐकायचं नाही, मध्ये बोलायचं तर नाहीच. लाइन जिवंत आहे एवढं कळलं की पुरे."

असं किती काळ चाललं असेल कोण जाणे. मग एका दुपारी भर उन्हात त्या आल्या. केस नीट विंचरले नव्हते. पाटी पिशवीत नव्हती, तशीच हातात होती.

"महिना झाला, तो वाचत नाहीये," त्या म्हणाल्या. "नवीन पुस्तकही नाही घेतलं. असं कधी झालं नाही. आजारी असेल का रे?"

मी पाटी पाहिली. वरच्या कोपऱ्यात सिग्नलच्या दांड्या असायच्या, तिथे काहीच नव्हतं. ज्या जुन्या नेटवर्कवर ते फुकटचं इंटरनेट चालायचं, ते नेटवर्कच मोबाइल कंपन्यांनी गुंडाळलं होतं. जन्मभर फुकट म्हणताना कुणाचा जन्म ते कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना समोर बसवलं आणि ओठ दिसतील असं सावकाश सांगितलं. "मुलगा थांबला नाहीये. तुमची लाइन बंद झालीये."

"नक्की?"

"नक्की. थांबा." नशिबाने त्या यंत्राला वायफायही होतं. त्यांच्या घरी वायफाय नव्हतं म्हणून कधी वापरलं नव्हतं, एवढंच. मी गाळ्याच्या वायफायचा पासवर्ड त्या टिकल्यांएवढ्या बटणांवर दाबला. चक्र फिरत राहिलं. जिग्नेशभाई फाफडा तळायचा सोडून येऊन उभा राहिला. मग एकामागून एक दोन नवीन पुस्तकं उतरली आणि चौकट आली. तो बराच पुढे गेला होता.

काकूंनी पदराने तोंड पुसलं. जिग्नेशभाईने न विचारता पाणी आणून दिलं. त्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "वाचतोय."

इथेच ते संपलं असतं. पण मला एक शंका आली, आणि शंका आली की माझ्याच्याने गप्प राहवत नाही. मी विचारलं, "काकू, तुमचं त्याला काय दिसतं?"

"दिसत असणारच. मला त्याचं दिसतं तर त्याला माझं दिसणारच की. मी त्याच्या मागे मागे वाचतेय, हे त्याला ठाऊक आहे. तरी फोन करत नाही, म्हणजे राग आहे अजून."

मग सांगितलं. "काकू, हे यंत्र फक्त जो सगळ्यात पुढे आहे त्याचं पान सांगतं. मागे असलेल्याचं नाही सांगत. तुम्ही कायम मागे राहिलात. त्याला चौकट कधी आलीच नसणार."

त्यांनी बोट वर धरलं. डोळे मिटले. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगायला गेलो. पण ऐकू आलं होतं.

"त्याला वाटत असेल, पाटी कपाटात पडलीये," त्या म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे मी इतकी वर्षं नुसती ऐकत होते."

मी पाटी त्यांच्याकडे सरकवली.

त्यांनी पाटी मांडीवर घेतली. चौकटीत 'नाही'ऐवजी पहिल्यांदाच 'हो' दाबलं. मुलाच्या पानावर पोचल्या. मग पुढच्या पानाचं बटण दाबायला अंगठा नेला आणि थांबल्या. न वाचता पान उलटणं त्यांना जमत नव्हतं, आणि मध्ये बोलायचं नाही ही आयुष्यभराची शिकवण. शेवटी ते पान त्यांनी खाली वाकून पूर्ण वाचलं, आणि उलटलं. एकच पान पुढे गेल्या. "पोचलं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

त्यानंतर त्या रोज संध्याकाळी यायला लागल्या, माझ्या वायफायवर. "एक्सचेंज चालू आहे ना रे?" असं विचारत पायरी चढायच्या. चौकट येत नव्हती. मी म्हणायचो, कामात असेल. जिग्नेशभाई म्हणायचा, "आंटी, टाइम का फरक है उधर." एका आठवड्यात त्या वाळल्यासारख्या दिसू लागल्या. मलाच माझ्या शंकेखोर स्वभावाचा राग आला. मागे होत्या तेव्हा निदान चौकट तरी यायची.

मग एका शनिवारी चौकट आली. त्यांनी ती वाचली, मला दाखवली, परत स्वतः वाचली. मुलगा एक पान पुढे गेला होता. फक्त एक.

"वाचत असता तर दहा पानं गेला असता," त्या म्हणाल्या. "एक म्हणजे मुद्दाम."

त्यांनी एक पान उलटलं. दुसऱ्या दिवशी त्याने एक. मग यांनी. एरवी चार दिवसांत संपणारी खुनाची गोष्ट मायलेकरांनी पावसाळाभर पुरवली. खुनी कोण यात दोघांनाही रस उरला नसावा. कधी त्याचं पान नाही आलं की त्या म्हणायच्या, "आज ड्यूटी जास्त असेल." आता राग असेल असं म्हणत नव्हत्या. शब्द एकही नाही, पण गाळ्यातून निघताना त्यांचा चेहरा कुणाशी तरी पोटभर बोलून आल्यासारखा असायचा.

पुस्तकाचं शेवटचं पान यांच्या वाट्याला आलं. ते उलटायला त्या तयार नव्हत्या. "हे संपलं की मग काय?" पाटी घेऊन यायच्या, नुसत्या बसायच्या, परत जायच्या. मी एक दिवस म्हटलं, "काकू, तीन मिनिटं झाली. वाढवायची का, हे त्यालाच विचारा ना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी नवीन पुस्तक उतरलं होतं. गुप्तहेर नव्हता, युद्ध नव्हतं. त्याच्या शहराची, नव्याने येणाऱ्यांसाठी लिहिलेली माहितीची पुस्तिका होती. त्यांनी उघडलं. चौकट आली, त्या त्याच्या पानावर गेल्या. त्या पानावर मथळा होता: विमानतळावरून शहरात कसं यावं.

त्यांनी मथळा पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "आता विचारतोय."

आणि पान उलटलं.

तो डिसेंबरात आला. उंच, टक्कल पडायला लागलेला, आईसारखीच मान कलती करणारा. कानांचं त्याला पहिल्या दहा मिनिटांत कळलं असणार. दोघं माझ्या गाळ्यात आले तेव्हा तो आईसमोर उभा राहून, ओठ दिसतील असं सावकाश बोलत होता. घर विकलं नाही, कुलूप लावलं. दोघं कॅनडाला जायच्या आदल्या दिवशी काकू साडीच्या तुकड्याची ती पिशवी घेऊन आल्या.

"मला त्याने नवीन घेतलंय. हे तुझ्याकडे असू दे, चालू ठेव. पण मागेच राहायचं हां. आमच्या मध्ये बोलायचं नाही."

"आणि मला काही सांगायचं असलं तर?"

"होल्ड करायचं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या गालाला हात लावून गेल्या.

ती पाटी आता माझ्या गल्ल्याच्या बाजूला असते. जवळच्या खारी वस्तीत माझी एक खोली आहे, तिथे माझी वाट पाहणारं कुणी नाही, म्हणून गाळा जरा उशिरानेच बंद करतो. शटर ओढण्याआधी पाटी चालू करतो. माझं इंग्रजी बेताचं, त्यामुळे मागे राहण्यासाठी मला काही कष्ट पडत नाहीत. चौकट येते. दोघांपैकी कुणीतरी इथपर्यंत वाचलेलं असतं. कोणी, ते यंत्र सांगत नाही. त्यांना फोनवर ऐकू येत नाही आणि मुलाला मी काय म्हणून फोन करायचा? जिग्नेशभाई विचारतो, "आंटी ठीक है?" मी म्हणतो, "पढ रही है."

लाइन जिवंत आहे एवढं कळलं की पुरे, असं त्या म्हणायच्या. मला ते पुरत नाही. त्यांनाही इतकी वर्षं पुरत नसणार, आणि मी समोर बसून ते खरं मानत होतो. काल चौकट आली तेव्हा माझा अंगठा बराच वेळ 'हो'वर होता. मग मी 'नाही' दाबलं, पाटी पिशवीत घातली आणि समोर दुसऱ्या मजल्याकडे एकदा बघून शटर ओढलं.